सराईवाल्याचा राग

"कॉम्प्युटर बंद करायचा नाही म्हणजे नाही!" चष्मेवाले हॉलमधून ओरडले.

"अहो, पण इस्त्री लावली की फ्यूज उडतोय!" बायको आतल्या खोलीतून ओरडली.

"मग नको लावूस इस्त्री!"

"आणि पडदे काय चुरगळलेलेच देऊ शाळेला?"

चष्मेवाल्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं.

चष्मेवाल्यांचं चष्म्यांचं दुकान फरशी बदलायची म्हणून आठवडाभर बंद होतं. रिकामा माणूस घरात काय करणार? त्यांनी माळ्यावरून कॉलेजच्या दिवसांतला कॉम्प्युटर उतरवला, धूळ झटकली, आणि काय आश्चर्य, तो सुरू झाला. त्यात त्यांचा लाडका जुना गेमही जिवंत होता. एक खोरं, खोऱ्यावर घिरट्या घालणारा अग्निसर्प, आणि त्याला मारायला निघालेला आपला वीर. कॉलेजात त्यांनी हा गेम किती वेळा संपवला होता याला गणती नाही. संपवला म्हणजे काय, हातात कुऱ्हाड घ्यायची आणि दिसेल त्याला हाणायची. गावातली माणसं काहीबाही बोलायची, पण ते वाचायचं असतं हे त्यांच्या गावीही नव्हतं. कोणी तोंड उघडलं की एंटर, एंटर, एंटर.

या वेळी मात्र वयाचा परिणाम म्हणा, त्यांनी कुऱ्हाडवाल्याऐवजी एक काटकुळा वैद्य निवडला आणि सगळ्यांचं सगळं वाचायला घेतलं. वाचता वाचता ते चाटच पडले. अग्निसर्प मुळात वाईट नव्हताच! गावच्या पाटलाने त्याची अंडी पळवली होती. आणि ती लोहारीण, जिला ते कॉलेजात ढकलून पुढे जायचे, ती दर संध्याकाळी परागंदा नवऱ्याची वाट बघत वेशीवर उभी असायची.

"अगं, ही लोहारीण किती सोसते बघ!" चष्मेवाले गहिवरून म्हणाले.

"हं," बायको म्हणाली. तिच्या तोंडात टाचण्या होत्या आणि मांडीवर शाळेच्या रंगमंचाचा अख्खा मखमली पडदा होता.

इथवर सगळं ठीक होतं. घोळ झाला तो सराईत, म्हणजे खोऱ्यातल्या धर्मशाळेत. सराईवाल्याशी बोलताना चष्मेवाल्यांच्या बोटाने जुन्या सवयीने 'धमकी द्या' हा पर्याय दाबला. कॉलेजात कुऱ्हाड बघून सराईवाला थरथर कापायचा आणि उत्तम खोली द्यायचा. या वेळी त्याने त्या काडीपैलवान वैद्याकडे पाहिलं, पोट धरून हसला, आणि त्याची गचांडी धरून त्याला बाहेर काढलं. आता हा गेम सेव्ह होतो तो वीर रात्री कुठेतरी झोपला तरच. खोऱ्यात सराई एकच. बाहेर जाणारा पूल पुरात वाहून गेलेला. म्हणजे कॉम्प्युटर बंद केला की लोहारीण, अंडी, पाटलाची लबाडी, सगळी मेहनत पाण्यात!

चष्मेवाल्यांनी पुन्हा धमकी दिली. मग 'थाप मारा' दाबून आपण राजाचे मेहुणे असल्याचं सांगितलं. बाहेर जाऊन नव्याने आत आले. पण सराईवाला काही विसरायला तयार नाही. "पुन्हा आलास का रे?" म्हणून दार लावायचा. "काय डोकं लावलंय बनवणाऱ्यांनी!" असं कौतुक करत चष्मेवाले दातओठ खात होते.

तर कॉम्प्युटर सुरू ठेवणं आलं. म्हातारं यंत्र तापायला लागलं, म्हणून बेडरूममधला टेबलफॅन त्याच्यासमोर आला. घरातल्या वायरी कॉम्प्युटरहून म्हाताऱ्या. हे दोन्ही चालू असताना तिसरं काही लावलं की फटकन अंधार! एकदा इस्त्रीने फ्यूज उडाला तेव्हा कॉम्प्युटर कसाबसा बॅटरीच्या डब्यावर तगला, पण डबा दुसऱ्यांदा साथ देईल याची खात्री नव्हती. म्हणून इस्त्री बंद, गीझर बंद, शिलाई मशीनही बंद. घरी राहायला आलेले सासरे मुकाट्याने गार पाण्याने अंघोळ करत होते.

बायकोचा मात्र जीव टांगणीला लागला होता. पडदे उद्या सकाळी द्यायचे होते. हे काम पसंत पडलं तर शाळेचे गणवेश शिवायचं कामही तिलाच मिळणार होतं, आणि त्यासाठी तिने कितीतरी वेळा शाळेचे उंबरठे झिजवले होते. शेवटी तिने कोणाला न विचारता वायरमनला बोलावलं.

"मशीनसाठी वेगळी लाइन टाकतो," वायरमन म्हणाला. "फक्त मेन बंद करावा लागेल."

"मेनला हात लावलास तर याद राख!" चष्मेवाले गरजले. वायरमनने शांतपणे स्क्रू ड्रायव्हर काढला. धमकी वाया गेली हे ओळखून चष्मेवाल्यांनी आवाज खाली आणला. "अहो, कसं सांगू... आत सासरे आहेत. मशीनवर आहेत. वीज गेली तर काही खरं नाही त्यांचं."

"अरे बापरे!" वायरमन दोन पावलं मागे सरकला.

तेवढ्यात खांद्यावर पंचा टाकून सासरे बाहेर आले. "काय हो जावईबापू, आज तरी गरम पाणी मिळेल का?"

वायरमनने सासऱ्यांकडे पाहिलं, मग चष्मेवाल्यांकडे. "लोकांना मूर्ख समजता काय?" म्हणाला, आणि पिशवी उचलून चालता झाला.

बायको ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती म्हणाली, "फोन करा त्याला. माफी मागा."

"मी? माफी?" उभ्या आयुष्यात त्यांनी कोणाची माफी मागितली नव्हती. गिऱ्हाइकाला चुकीच्या नंबरचा चष्मा दिला तरी ते सांगायचे, "चष्मा बरोबर आहे. तुमचे डोळे बदललेत."

"पडदे गेले ना, तर मी पण तुमच्या त्या लोहारणीसारखी वेशीवर जाऊन उभी राहीन," बायको म्हणाली आणि डोळे पुसत आत गेली.

"जावईबापू," हॉलमधून सासऱ्यांची हाक आली. ते कॉम्प्युटरसमोर बसले होते. "इथे खाली बाण आहे. तो दाबला की आणखी एक ओळ येते. 'माफी मागा.'"

"हात लावू नका, बाबा!"

पण सासऱ्यांनी दाबलं होतं. त्यांची सगळी नोकरी पाणीपुरवठ्याच्या तक्रार खिडकीवर गेली होती. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, हे वाक्य ते झोपेतही म्हणायचे. पडद्यावरच्या सराईवाल्याने क्षणभर विचार केला आणि दार उघडलं. "आत या वैद्यबुवा. भांडणं काय, होतातच. पाय दुखत असतील तुमचे." वैद्य झोपला. गेम सेव्ह झाला. चष्मेवाल्यांचा ऊर भरून आला. एवढ्या वर्षांत त्यांनी तो खालचा बाण एकदाही दाबला नव्हता!

आता सबब उरली नाही. त्यांनी वायरमनला फोन लावला.

"ते मघाशी... म्हणजे जरा..."

"हॅलो? आवाज येत नाहीये."

"माफ करा म्हटलं!" चष्मेवाले इतक्या जोरात ओरडले की समोरच्या इमारतीतल्या दोन खिडक्या उघडल्या.

"अहो, एवढं काय त्यात? येतो की," वायरमन म्हणाला आणि खरंच आला.

वेगळी लाइन पडली. बायको मशीनवर बसली ती उठलीच नाही. चष्मेवाले मखमलीची टोकं धरून घरभर फिरले, इस्त्री तापवली, दोरे वेचले. दिवेलागणीला पडदे घडी घालून तयार झाले, तेव्हा कुठे ते हॉलमध्ये आले. सासरे कॉम्प्युटर सुरू करून बसले होते. पण पडद्यावर ना सराई होती, ना वैद्य.

"बाबा, हे काय?"

"सुरुवातीपासून बघावं म्हटलं. त्याने विचारलं, जुना खेळ पुसू का? म्हटलं पूस बाबा. जुनं काय धरून बसायचं!"

चष्मेवाल्यांच्या कानातून वाफा निघायच्या बाकी होत्या. ते बघून सासरे लगेच म्हणाले, "चुकलंच माझं. माफ करा हं, जावईबापू."

इतकं सोपं! चष्मेवाल्यांनी दात आवळले. माफी मागायला निदान ओरडता तरी आलं होतं. द्यायची कशी? शेवटी ते म्हणाले, "असू दे. सरका जरा."

"या खेळातला हा माळी फार भला माणूस आहे," सासरे सरकत म्हणाले. "मी विचारपूस केली. पाठ दुखते म्हणाला. मग म्हणतो, कधीही या, माझ्या झोपडीत झोपा." पडद्यावर अक्षरं उमटली. गेम सेव्ह झाला होता.

चष्मेवाल्यांनी झोपडी नीट पाहिली. ती सराईच्या अगदी समोर होती. तिच्यावरून ते आठवडाभर येत-जात होते, आणि त्या माळ्याशी ते कधी एक शब्दही बोलले नव्हते.

"अरे देवा!" ते कपाळावर हात मारून ओरडले.

"आता काय झालं?" स्वयंपाकघरातून बायकोने विचारलं.

"काही नाही." मग चष्मेवाले घसा खाकरून म्हणाले, "काय गं... तुझी पाठ दुखते का?"

आत भांड्यांचा आवाज थांबला. बायको हात पुसत दारात आली आणि तिने नवऱ्याकडे नखशिखान्त पाहिलं.

"बाबा," ती घाबऱ्या आवाजात म्हणाली, "खरं सांगा. यांनी आता काय मोडलं?"