दशांशें तोफ फोडिली त्याची हकीकत

श्रीआरंभबिंदूस दंडवत, कीं जेथोन सर्व मापें निघतात आणि ज्याचें स्वतःचें माप शून्य. शके सोळाशें बावन्न, साधारण नाम संवत्सरीं, एके राज्यीं गनिमानें किल्ल्यास वेढा घातला आणि टेकाडाआड मोठी तोफ दडवोन दरवाजावर मारा मांडिला. दरवाजा खिळखिळा जाहला, संध्याकाळपावेतों टिकत नाहीं ऐसें दिसों लागलें, आणि दरवाजा गेला म्हणजे आंतील बायकापोरें गेलीं. मग राणी गंगाऊसाहेबांनीं मोठा कागद पसरविला, दरवाजाच्या पायरीस आरंभबिंदू धरिला, पूर्वेस क्ष आणि उत्तरेस य ऐसे दोन अक्ष ओढविले, आणि मैदानाचीं सारखीं घरें पाडविलीं. उंच बुरुजावरोन सटवोजी टेहळ्यास टेकाडापलीकडील तोफ दिसत होती, त्यानें तींच घरें नजरेनें मोजोन ओरडोन सांगितलें, "क्ष दोन दशांश पांच, य तीन दशांश आठ." विसाजीपंत नकाशेनवीस, मान ताठ, टांक ताठ, त्यांनीं झटकन बिंदू मांडिला, आणि दर्याखान गोलंदाजानें त्या अदमासें गोळा सोडिला, आणि गोळा अलीकडेच माळावर पडोन धूळ मात्र उडाली. गनीम खदखदां हांसला. आम्हांस तर मेल्याहून मेल्यासारखें जाहलें, कारण दारू एकाच बाराची उरली होती.

तेव्हां राणीसाहेब कागदावर वाकल्या आणि पुसत्या जाहल्या, "पंत, एका घराचे भाग किती केलेत?"

पंत बोलिले, "सोळा, सरकार. रुपयाचे आणे सोळाच."

"अहो पंत, त्यानें दशांश म्हटलें ना? दहावा अंश. येथें काय बाजारहाट मांडिला आहे?"

पंतांचा चेहरा पाहण्याजोगा जाहला. पांच आणे म्हणजे पाव आणि वर चिमूटभर, आणि पाहिजे होतें बरोबर अर्धें. जन्माची सवय हातास, हात तरी काय करील. इतक्यांत गनिमानें तोफ थोडी सरकविली आणि सटवोजी पुनः ओरडला, "क्ष दोन दशांश चार पांच, य तीन दशांश सात." पंतांनीं घराचे दहा भाग केले आणि अडखळोन बोलिले, "सरकार, चारापुढील पांचाचें काय करावें?" राणीसाहेब बोलिल्या, "चार भाग सोडोन पुढील भागाचे पुनः दहा करा, त्यांतील पांच घ्या. आणि आधीं आडवें चाला, मग उभें." मग पंतांचा टांक आडवा दोन घरें चालला, आणि चार भाग चालला, आणि आणखी अर्धा भाग चालला, आणि मग उभा तीन घरें सात भाग चढला, आणि तेथें बिंदू टेंकला. दर्याखानानें तोफेचें तोंड फिरविलें, बिसमिल्ला म्हणोन बत्ती दिली, आणि टेकाडाआडोन ऐसा धमाका उठला कीं किल्ल्यांतील भांडीं फळीवरोन खालीं आलीं. गनिमाची तोफ दारूसकट उडाली. सटवोजी बुरुजावर नाचूं लागला, पंत दर्याखानाच्या गळां पडोन रडले, आणि गनीम तंबू टाकोन पळाला.

सारांश, फत्ते जाहली. दुसरे दिवशीं सकाळीं दरवाजा उघडला तो आम्हींच, आंतोन, आणि बायका घागरी घेवोन पाण्यास गेल्या.