श्रावणकाकांचा काटा

आमच्या शेजारच्या श्रावणकाकांना वाटीभर लोणचं देणं म्हणजे आफत ओढवून घेणं. दुसऱ्या दिवशी तीच वाटी, तेवढीच काठोकाठ, काहीतरी भरून दारात हजर. एकदा बायकोनं तिळाचे सात लाडू दिले, तर संध्याकाळी काका सात संत्री घेऊन आले. त्यातलं एक लहान निघालं म्हणून परत जाऊन बदलून आणलं. आमच्या पांढुर्ण्याच्या एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, त्यांनी अख्खी नोकरी कापूस तोलण्यात काढली होती. "काटा बरोबर पाहिजे, मास्तर," हे त्यांचं पालुपद. काकू गेल्यावर आम्ही कितीदा जेवायला बोलावलं, पण आले नाहीत. म्हणत, "मी उलट कोणाच्या हातचं जेवू घालू तुमाले?"

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीच्या हिवाळ्यातली गोष्ट. त्यांचा एकुलता एक मुलगा प्रकाश जर्मनीत कारखान्यात नोकरीला होता. त्याचं पत्र आलं. आना आणि पीटर या तिथल्या मित्रांनी त्याला एका रविवारी तीन लहान गावं फिरवून दाखवली होती. एका गावात घड्याळाचा मनोरा, दुसऱ्यात किल्ला, तिसऱ्यात चर्च, नदीवरचा पूल आणि पुलाजवळ केक. आता तेच दोघं हिंदुस्थान पाहायला येत होते आणि नागपूरहून एक दिवस आमच्याकडे उतरणार होते.

"त्याइनं तीन गावं दाखवली. आपणही तीन दाखवू. इंग्रजी तुमी बोलजा," काका म्हणाले. मी हायस्कुलात इंग्रजी शिकवतो, बोलत नाही. पण हे त्यांना कोण सांगणार?

खरी गोम वेगळीच होती. पत्रात आनाचं नाव चार वेळा आलं होतं, पीटरचं एकदाच. कुंपणापाशी काका हळूच म्हणाले, "पोट्टी आपली सून तं नसन न, मास्तर? तिकडं त्याचं कोणी आहे, एवढं समजलं का मी मोकळा." पाहुण्यांची परतीची गाडी संध्याकाळी पाचची. तोवर मी हे काढून घ्यायचं, पण थेट विचारायचं नाही, कारण पोरीला वाईट वाटेल. आता बोला!

आना गाडीतून उतरली तेव्हा काकांनी आधी तिचा गळा पाहिला. मंगळसूत्र नाही, कुंकू नाही, हातात बांगडी नाही. "बिनलग्नाची आहे," ते माझ्या कानात म्हणाले. मग सोबतचा पीटर? "भाऊ असन. पोरीले एकटी कोण धाडते?"

भाड्याच्या जीपमधून आमची वरात निघाली. मनोऱ्याच्या बदल्यात स्टेशनचं घड्याळ. पुलाच्या बदल्यात जाम नदीचा पूल. किल्ला कुठून आणणार? म्हणून जिनातली कापसाच्या गाठींची थप्पी. पीटर थप्पीवर चढला आणि माझा जीव टांगणीला लागला. चर्चच्या बदल्यात जामसांवलीचा मारुती, तोही झोपलेला. देव झोपलाय का, असं आनानं विचारलं. मला इंग्रजी सुचेना, मी "टायर्ड" म्हणून मोकळा झालो. काका मात्र अस्वस्थ. तिकडच्या चर्चमध्ये झोपलेला देव नसणार, म्हणजे आपलं पारडं जड झालं! सौंसरला केकच्या बदल्यात जिलेबी होती, तिथं त्यांनी दोघांना एकेक कमी वाढायला लावली.

तीन वाजले. काका दर पाच मिनिटांनी माझ्या बरगडीत कोपर खुपसत होते. प्रकाशचं नाव काढलं की आना हसायची. "काय म्हणून राहिली?" काका विचारायचे. ती फक्त "गुड फ्रेंड" म्हणत होती. तेवढ्यानं त्यांचा चेहरा फुलायचा आणि लगेच पडायचा. खोटं सांगावं तर पाप आणि खरं मला माहीत नाही. असा राग आला होता त्या प्रकाशचा! चार ओळी जास्त लिहिल्या असत्या तर काय बिघडलं असतं?

चारला घरी परतलो. ओटी भरायला माझी बायको तांदूळ-नारळ घेऊन तयार होती. काकांनी आत जाऊन पेटीतून हिरवं लुगडं आणलं. सुनेसाठी म्हणून काकूंनी ठेवलेलं ते लुगडं मी ओळखलं. बायकोला इंग्रजी येत नाही, पण ओटी भरायची तर लग्न झालंय की नाही ते कळायला हवं. तिनं स्वतःचं मंगळसूत्र दाखवलं आणि आनाकडे बोट केलं. आना खळखळून हसली, बोटातली अंगठी दाखवली आणि पीटरच्या खांद्यावर हात ठेवला.

मला भाषांतर करावं लागलं नाही. काका बाजेवर बसले. बायको लुगडं हातात घेऊन तशीच उभी.

"भरा ओटी," काका शेवटी म्हणाले. "लेक समजून भरा. लुगडंही द्या." मग माझ्याकडे न बघता, "मास्तर, एवढं विचारा तिले. प्रकाश तिकडं एकटाच जेवते का?"

मी विचारलं. आना म्हणाली, बाकीच्या दिवसांचं ठाऊक नाही, पण दर रविवारी तो आमच्याकडेच जेवतो. दोन वर्षं झाली.

"दर रविवारी?" काकांनी बोटांवर मोजायला घेतलं आणि मध्येच सोडून दिलं. डोळ्यांना पाणी आलं होतं, ते त्यांनी लपवलंही नाही. "हा काटा तं माह्यानं होत नाही बरोबर."

पाचच्या गाडीनं पाहुणे गेले. नंतर आलेल्या रविवारी आम्ही जेवायला बसत होतो, तेवढ्यात काका दारात उभे. हातात वाटी नाही, संत्री नाहीत, काहीच नाही.

"रविवार आहे न," ते म्हणाले.

बायकोनं तिसरं ताट वाढलं.