विकण्याची शक्यता तपासताना

कंपनीने एका सकाळी जाहीर केलं, की आपला व्हिडिओ गेम विभाग विकण्याची शक्यता ती तपासून पाहत आहे. वाक्य नीट वाचावं. विभाग विकणार, असं त्यात कुणी म्हटलेलं नाही. विकणार नाही, असंही म्हटलेलं नाही. वकिलांच्या बऱ्याच टेबलांवरून घासून गुळगुळीत होऊन आलेलं ते वाक्य होतं, आणि त्यात पाय टेकायला कुठेही जागा ठेवलेली नव्हती.

कंपनीचा कारभार मोठा. तिची वर्तमानपत्रं होती, वृत्तवाहिन्या होत्या, सिनेमे काढणारा स्टुडिओ होता, गाण्यांची कंपनी होती, शिवाय पाळण्यांची आणि घसरगुंड्यांची एक बागही होती. या सगळ्या खटल्यात गेम विभाग म्हणजे उशिरा झालेलं शेंडेफळ. हौसेने जन्माला घातलं खरं, पण आता त्याचं करायचं काय, हे घरात कुणालाच कळत नव्हतं.

विभागाच्या प्रमुख बाईंना सगळे ताई म्हणत. तिच्याहून वयाने मोठे असलेले चित्रकारही ताईच म्हणत आणि कालपरवा लागलेली पोरंही. ही ताई कित्येक वर्षं एकाच गेमच्या मागे होती. ‘शिंपीण’ त्याचं नाव. एक म्हातारी शिंपीण गावातले फाटके कपडे शिवते, आणि टाक्याटाक्यागणिक त्या कपड्याच्या मालकाची गोष्ट उलगडत जाते, एवढाच खेळ. त्यात कुणी कुणाला मारत नव्हतं, त्यामुळे वरच्या मजल्यावर पहिल्यापासून काळजीचं वातावरण होतं. जाहिरात विभागाने एकदा लेखी विचारणा केली होती, की शिंपिणीकडे कात्री आहेच, तर तिचा आणखी काही उपयोग करता येईल काय. ताईने उत्तर दिलं नाही आणि जाहिरात विभागाने ते होकारार्थी धरलं. ते निस्तरता निस्तरता तिच्या नाकी नऊ आले.

गेममधले हात ताईच्या आईचे होते. आईने उभा जन्म शिलाई मशीनवर काढलेला. तिला स्टुडिओत आणून, बोटांवर पांढरे ठिपके चिकटवून, कॅमेऱ्यांच्या गराड्यात बसवून तिचा काजापासून तुरपाईपर्यंत प्रत्येक टाका टिपून घेतला होता. आईने तेव्हा एवढंच विचारलं होतं, की हे मला बघायला कधी मिळेल. आता आईची नजर जात चालली होती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, की मधलं दिसणं आधी जाईल आणि कडेचं थोडंफार राहील. वेग कमी करता येईल, गेलेलं परत आणता येणार नाही. आणि कंपनीचा नियम असा, की बाजारात येईपर्यंत गेम इमारतीबाहेर न्यायचा नाही आणि बाहेरच्या माणसाला इमारतीत आणून दाखवायचाही नाही, मग आतले हात त्याच माणसाचे का असेनात. ताईच्या जिवाला एकच घोर लागला होता. आईला दिसतंय तोवर गेम बाहेर पडायला हवा होता. गेममधला शेवटचा सदरा शिवून झाला, की काम संपत होतं.

घोषणेपाठोपाठ विक्री सल्लागार आला. हा गृहस्थ आजवर बऱ्याच कंपन्यांच्या बऱ्याच गोष्टी विकण्याच्या बेतात होता. ताईने त्याला उत्साहाने सांगितलं, की गेम जवळजवळ तयार आहे, महिन्याभरात बाजारात आणू. सल्लागाराचा चेहरा पडला. मग त्याने तिला शांतपणे समजावलं. गेम आला आणि आपटला, तर विभागाची किंमत जाईल. आला आणि चालला, तर त्याहून वाईट, कारण मग चालता विभाग विकताय कशाला, म्हणून भागधारक जाब विचारतील. न आलेला गेम मात्र कधी आपटत नाही आणि त्याच्याबद्दल हवं तितकं चांगलं बोलता येतं.

“मग काम थांबवू?” ताईने विचारलं.

“छे, छे. थांबलेला विभाग कोण घेईल? काम जोरात चालू ठेवा. फक्त पुढे नेऊ नका.”

माणसं हुशार होती. हुशार माणसांना कुठलाही आचरट हुकूम पाळण्याची पद्धत सापडतेच. ठरलं असं, की सकाळी शेवटचा सदरा शिवायला घ्यायचा, दुपारपर्यंत बटणं लावायची, चहा झाला की सगळ्यांनी मिळून उसवायला बसायचं आणि घरी जाताना सदरा पुन्हा फाटका करून ठेवायचा. काम चालू आहे हे खरं, पुढे गेलेलं नाही हेही खरं. थोड्याच दिवसांत हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलं. सर्वांत सफाईने उसवणाऱ्याला बढती मिळाली. एका चित्रकाराला एकदा घरी जायची घाई होती, तो कॉलर उसवायला विसरला आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या हातात अनधिकृत पूर्ततेबद्दल खुलासा मागणारी नोटीस पडली. बिचाऱ्याने पुन्हा असं काही पूर्ण होणार नाही अशी हमी लिहून दिली.

मग गिऱ्हाईकं येऊ लागली. पहिलं गिऱ्हाईक म्हणजे अशीच एक अगडबंब कंपनी, तिचीही वर्तमानपत्रं आणि वाहिन्या. बैठकीत कॉफी झाली, तोंडभर स्तुती झाली, आणि मग हळूच बाहेर आलं, की तीही आपला गेम विभाग विकण्याची शक्यता तपासते आहे. हा विभाग घेऊन आपल्यात मिसळला, तर विकायला जरा मोठा दिसेल, असा तिचा हिशेब होता. दोन्हीकडचे सल्लागार जुने मित्र निघाले. त्यांनी एकमेकांना आपापल्या मालाची पुस्तिका दिली आणि दोन्ही पक्ष अत्यंत समाधानाने घरी गेले.

त्याच संध्याकाळी कंपनीच्या स्वतःच्या वृत्तवाहिनीने खात्रीलायक सूत्रांच्या हवाल्याने बातमी दिली, की सौदा दृष्टिपथात आहे. ही सूत्रं दोन मजले वर बसत आणि लिफ्टने खाली येऊन बातमी देऊन जात. शेअरचा भाव चढला. पुढच्या आठवड्यात त्याच सूत्रांनी सौदा बारगळल्याचं सांगितलं, तर भाव आणखी चढला, कारण सोन्यासारखा विभाग हातचा जाता जाता वाचला. वरच्या मजल्याचे डोळे खाडकन उघडले. वर्षानुवर्षं सिनेमे काढून, गाणी काढून, पाळणे फिरवून जे जमलं नव्हतं, ते नुसत्या शक्यतेने करून दाखवलं होतं. लगोलग शक्यता विभाग स्थापन झाला आणि त्याला गेम विभागाची अर्धी जागा देण्यात आली.

वाहिनीवर ‘विकणार?’ नावाचा रोजचा कार्यक्रम सुरू झाला. एक निवृत्त सेनाधिकारी, एक नटी आणि एक अर्थतज्ज्ञ त्यात एकमेकांवर ओरडत. मागे पडद्यावर ताईचा विभाग काचेतून दिसे. कॅमेरे कायमचेच बसवले होते. ताई रस्त्यात ओळखू येऊ लागली. औषधवाला गोळ्या बांधता बांधता विचारी, विकलं का? बसचा कंडक्टर विचारी, नवऱ्याचे मित्र विचारत, सख्खी नणंद परगावाहून फोन करून विचारी. तुम्ही नेमकं बनवता काय, हे मात्र एकानेही विचारलं नाही. ताई हसून वेळ मारून नेई. घरी आल्यावर ती आईच्या डोळ्यांत थेंब घाली. आता आई सुई ओवताना दोरा सुईच्या बाजूला नेई आणि ओवला असं समजून गाठ मारी. ते बघून ताईला आत जाऊन रडावंसं वाटे, आणि एकदा ती रडलीही.

अशात एक खरं गिऱ्हाईक आलं. लाकडी खेळण्यांचा कारखाना असलेला हा म्हातारा कुणाच्या यादीत नव्हता. खेळणीवाले काका आले, बैठकीला न बसता सरळ ताईच्या टेबलापाशी गेले आणि म्हणाले, की काय ते दाखवा तर खरं. नियमाप्रमाणे गिऱ्हाईकाला गेम दाखवता येत होता, फक्त आजवर कुणी मागितलाच नव्हता. काका खेळू लागले. लोक चहाला गेले, परत आले, तरी काका शिवतच होते. शेवटच्या फाटक्या सदऱ्यापाशी ते थांबले. हे हात कुणाचे, म्हणून त्यांनी विचारलं. ताईने सांगितलं. काकांनी चष्मा पुसला आणि वर निरोप धाडला, की मागाल त्या किमतीला घेतो, आणि घेतल्या महिन्यात हा गेम बाजारात आणतो.

वरच्या मजल्यावर हाहाकार उडाला. ताईलाही बोलावून तातडीची बैठक बसली. मोठ्या साहेबांच्या चेहऱ्यावर खरीखुरी दुखावल्याची भावना होती.

“विकायचंय असं आम्ही कधी म्हटलं होतं?” ते म्हणाले. “शक्यता तपासतोय म्हटलं होतं. असं कुणीही उठून खरंच घ्यायला लागलं, तर आम्ही उद्या तपासायचं काय?”

खजिनदाराने री ओढली. विभाग विकला तर पैसे एकदाच येतील, आणि शक्यता तर रोज दूध देते आहे. काकांना लेखी कळवण्यात आलं, की त्यांच्या वागण्याने वाटाघाटींचं वातावरण गढूळ झालं असून त्यांनी यापुढे अशी घाई करू नये. काका निघून गेले.

ताई आजवर मूग गिळून बसली होती. त्या बैठकीत मात्र तिचा बांध फुटला.

“साहेब, विका नाहीतर नका विकू. माझ्या आईची नजर जातेय. तिचे हात आहेत त्यात. तिला एकदा, फक्त एकदा, बघू द्या.”

मोठे साहेब मनाने वाईट नव्हते. त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्यांनी ताईच्या खांद्यावर हात ठेवला आणि ही गोष्ट आधी का नाही सांगितलीस, असं अगदी वडीलकीने विचारलं. मग ते शक्यता विभागाच्या प्रमुखाकडे वळले. प्रमुख आधीच लिहून घेत होता.

त्या आठवड्यापासून ‘विकणार?’ बंद झाला आणि ‘आधी काय?’ सुरू झाला. आधी विभाग विकला जाईल की आधी म्हातारीची नजर जाईल, हे प्रेक्षकांनी ओळखायचं. मत देण्यासाठी एक ॲप हवं होतं. ते करायला गेम विभागच होता, आणि इतके महिने उसवून उसवून हात शिवशिवत असलेल्या त्या माणसांनी ते एका दमात पुरं केलं. या खेपेला कुणाला नोटीस आली नाही. विभागाच्या इतिहासात बाजारात आलेला हा सर्वांत गाजलेला गेम ठरला. नेत्रतज्ज्ञ पाहुणे म्हणून येऊ लागले. लोक आईसाठी ढसाढसा रडत आणि डोळे पुसून मत देत. वाहिनीने आईला मोफत थेंब पाठवले, पण गेम दाखवू दिला नाही, कारण तो दाखवला तर मत कशावर देणार? आईला हे सगळं ऐकू येत होतं. ती फक्त म्हणाली, “एवढे लोक विचारतायत माझं, आणि एकालाही शिवायचं काही नाही.”

कार्यक्रमाचा हंगाम संपताना ताईला बढती मिळाली. सोबत कळवण्यात आलं, की ‘शिंपीण’ कायमचा पुसण्यात येत आहे. न आलेल्या गेमचा तोटा दाखवला, की कर वाचत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो ज्या कॉम्प्युटरवर होता, त्या मशीनवरून काढायचा होता.

ताईने त्याच दुपारी ते मशीन उचललं. पिशवीत घातलं नाही, शालीत गुंडाळलं नाही. दोन्ही हातांत धरून, काचेपलीकडच्या सगळ्या कॅमेऱ्यांसमोरून, ती सरळ दारापर्यंत गेली. रखवालदार आडवा आला. आता तो मशीनबद्दल विचारणार, असं ताईला वाटलं.

“ताई,” तो आवाज खाली आणून म्हणाला, “मी नजरेवर मत दिलंय. काही कळलं तर सांगा हं.”

आणि त्याने दार उघडून धरलं.

घरी तिने आईला खुर्चीत बसवलं. समोर बसून काही दिसेना, म्हणून पडदा आईच्या कडेला सरकवला, तिथून जे काय दिसेल ते. वाहिनीची गाडी तोवर दारात येऊन थांबली होती. शेजारीपाजारी जमले होते आणि फोन उंच धरून उभे होते. ताईने खिडक्या लावल्या, दाराला आतून कडी घातली आणि गेम सुरू केला.

आत पुढे काय झालं, ते मला ठाऊक आहे. म्हातारीला दिसलं की नाही, एवढंच तुम्हाला आता ऐकायचंय, हेही ठाऊक आहे. सांगतो ना. पण आधी तुम्ही खरं सांगा, मघाशी तो ‘आधी काय?’चा प्रश्न वाचलात, तेव्हा तुमचं मत कशाला होतं?