पुढे मोठं काहीतरी आहे

दशावताराच्या संचातला राक्षस कमरेत लचकल्याचा निरोप आला, तेव्हा परेश शेट्ये कोरगावच्या मंडळाच्या सभागृहात खुर्च्या पुसून घेत होता. वर्धापनदिन परवावर आलेला, पत्रकं वाटून झालेली, आणि राक्षसाशिवाय दशावतार म्हणजे नुसतं देवांचं संमेलन. मंडळाचे अध्यक्ष रामचंद्रबाब यांनी निरोप ऐकला, सुपारी कातरून तोंडात टाकली आणि सगळा प्रश्न सचिव या नात्याने परेशच्या गळ्यात अडकवला. लोक येऊन तसेच परत गेले, तर पुढच्या वर्षी सचिव दुसरा बघावा लागेल, असं ते जाता जाता म्हणाले. रामचंद्रबाब रागावून बोलले असते तर परेशला एवढी भीती वाटली नसती.

उपाय घरातूनच निघाला. परेशची बायको अश्विनी, तिची मामेबहीण सिद्धी ही डिचोलीजवळच्या सर्वणची. ती पोर्तुगालमध्ये सिनेमा शिकायला गेली होती आणि तिथे लिस्बनला तिने स्वतःचा एक सिनेमा काढला होता. परदेशातल्या कुठल्याशा महोत्सवात त्याचं कौतुक झालं. पणजीला मात्र निम्मं थिएटर मध्येच उठून गेलं. सिद्धी पहिल्या रांगेत बसून मागे दार किती वेळा वाजतं ते ऐकत राहिली. तिच्या वडिलांनी डिचोलीच्या एका पतसंस्थेत तिच्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. आता आणखी एकदा दाखवून बघते, याही वेळी लोक उठले तर सोमवारपासून पतसंस्था, असं तिने अश्विनीला फोनवर सांगितलं होतं. अश्विनी तिला म्हणाली, कोरगावात ये, आमची माणसं उठायची नाहीत. परेशला तिने हे नंतर सांगितलं.

परेशने तो सिनेमा मोबाइलवर पाहायला घेतला. पहिल्यांदा त्याला झोप लागली. दुसऱ्यांदा त्याने खुर्चीत ताठ बसून सुरुवात केली आणि मान अवघडल्यावर जाग आली. त्याला आठवत होतं ते एवढंच, की आपल्याकडचा एक माणूस लिस्बनमध्ये एका खोलीत राहतो, हॉटेलात भांडी घासतो, खिडकीतून बाहेर बघतो आणि चहा करतो. मधे एक कपाट दिसतं.

रामचंद्रबाबांना त्याने घाबरत घाबरत विचारलं. ते म्हणाले, परदेशातला आहे ना, मग चालेल. कोरगावात परदेश परका नव्हता. दर दोन-तीन घरांमागे कुणीतरी लिस्बनला, कुवेतला नाहीतर बोटीवर होतं. रामचंद्रबाबांनी देवळाच्या ध्वनिक्षेपकावरून स्वतःच पुकारा केला. 'परदेशात चित्रित झालेला भव्य कौटुंबिक चित्रपट' हे शब्द त्यांचे. परेश तेव्हा आपल्या दुकानात झेरॉक्स काढत होता. गिऱ्हाइकानेच त्याला विचारलं की पिक्चरात गाणी किती आहेत.

रविवारी दुपारी उन्हं उतरायच्या आधीच सभागृह भरलं. काजूचा हंगाम असूनही माणसं बागायतीतली कामं टाकून आली होती. बायका नव्या साड्या नेसून डाव्या बाजूला, पुरुष उजव्या बाजूला. पहिल्या रांगेत मधोमध सिद्धी, साधा कुडता घातलेली, हातातला रुमाल पिळत. परेशने मुद्दामच दाराजवळची खुर्ची धरली. खिडक्यांना काळे पडदे लावले, दिवे गेले आणि सिनेमा सुरू झाला.

पडद्यावर खिडकी आली. खिडकीबाहेर ट्राम गेली. बराच वेळ काही झालं नाही, मग दुसरी ट्राम गेली. मग तो माणूस आला, त्याने चहाचं आधण ठेवलं आणि ते उकळेपर्यंत तो उभा राहिला. सभागृहही त्याच्याबरोबर थांबलं. आधण उकळलं. लोकांना वाटलं, आता सुरू होईल. माणसाने चहा प्यायला आणि कप विसळला.

खुर्च्या करकरू लागल्या. कुणीतरी जांभई दिली आणि ती रांगेतून पुढे सरकत गेली. मग परेशला ज्याची भीती होती ते झालं. विठूमामा उठला. हा खाणीवर उभा जन्म ट्रक चालवून निवृत्त झालेला माणूस. गावात कोणत्याही कार्यक्रमातून तो उठला की त्याच्या मागून दहाजण उठतात, हा अनुभव होता. विठूमामा दाराशी आला तसा परेशने त्याचा हात धरला. सिद्धीची मान किंचित वळलेली त्याला अंधारातही दिसली. त्याच्या तोंडातून निघून गेलं, "मामा, बसा. फुडे मोठा काय तरी आसा."

"काय आसा?"

"ता सांगूक जायत नाय. फकत बघीत रवा."

विठूमामाने पडद्याकडे पाहिलं. तिथे नेमकं कपाट होतं, बंद, आणि कॅमेरा त्याच्यावरून हलत नव्हता. विठूमामा हळूच जाऊन जागेवर बसला आणि शेजाऱ्याच्या कानाला लागला.

परेशने घाम पुसला. पण 'पुढे मोठं काहीतरी आहे' हे वाक्य तोवर पुरुषांच्या बाजूने निघालं होतं. एका रांगेत ते 'पुढे धोका आहे' झालं, पुढच्या रांगेत 'पुढे खून आहे'. बायकांच्या बाजूला पोचेस्तोवर खून होऊनही गेला होता. थोड्या वेळाने अश्विनी वाकत वाकत नवऱ्यापाशी आली.

"कपाटात मडा आसा म्हणतत. खरा?"

"कोण म्हणता?"

"सगळीच. आनी तुमका ठावक आसा म्हणतत."

परेश पडद्याकडेच बघत राहिला. अश्विनीने त्याचा अर्थ आपल्या परीने लावला आणि ती जागेवर परत गेली.

त्यानंतर सभागृहात जे झालं ते कोरगावने दशावतारालाही कधी केलं नव्हतं. माणसं श्वास रोखून बसली. पडद्यावरचा माणूस कपाटासमोरून गेला की शंभर डोळे त्याच्याबरोबर जात. तो खोलीत आला आणि त्याने दाराला आतून कडी लावली तेव्हा बायकांच्या बाजूने उसासा आला. त्याने सुरी काढली तेव्हा दोघींनी तोंडाला पदर लावला. त्याने कांदा चिरला. मग सुरी धुतली, पुसली, उजेडाकडे धरून पाहिली आणि परत पुसली. "पुरावो पुसता," विठूमामा दबक्या आवाजात म्हणाला, आणि चारजणांनी माना हलवल्या. माणूस रात्री हॉटेलात भांडी घासत होता तेव्हा लोक त्या भांड्यांकडेही संशयाने बघत होते. एक मूल रडायला लागलं, पण त्याची आई त्याला बाहेर न्यायला तयार होईना. तिने त्याला पदराखाली घेऊन तिथेच गप्प केलं.

सिद्धीने एकदा मागे वळून पाहिलं. सगळं सभागृह खुर्च्यांच्या कडेवर आलेलं. ती वाकून भिंतीच्या कडेने परेशपर्यंत आली. तिचे डोळे भरले होते.

"भावोजी, असे लोक माका खंयच गावले नाय. एक एक शॉट कसो बघतत."

परेशने मान हलवली. ही भारलेली माणसं शेवटाला काय करतील? मडं न मिळाल्यावर ती आधी कुणाकडे येतील, याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती. आणि सिद्धीला हे सगळं कशामुळे चाललंय ते कळलं, तर पतसंस्था तरी बरी होती म्हणेल. त्याला आणखी एक गोष्ट छळत होती. आपण दोन्ही वेळा झोपलो होतो. कुणी सांगावं, खरंच असेलही कपाटात काहीतरी. तोही मग पुढे सरकून बसला.

माणसाने कपाटाच्या कडीला हात घातला. सभागृहातले पंखे तेवढे ऐकू येत होते. दार उघडलं. आत एक सदरा टांगलेला होता. माणसाने त्याची बाही हातात घेतली, नाकाशी नेली आणि दार लावलं.

कुणीही हुश्श केलं नाही. उलट कुजबूज वाढली. सदरा कुणाचा? बापाचा असेल, एकजण म्हणाला. घरचा असेल, घरच्या कपड्याला घराचा वास येतो, असं बायकांच्या बाजूने शेवंतीने सांगितलं. शेवंतीचा मुलगा अक्षय गेली तीन वर्षं लिस्बनला होता. तिने हे अगदी सहज सांगितलं. मडं कुठे आहे हे विचारणंही हळूहळू थांबलं.

मग फोन वाजला. टेबलावर पडलेला मोबाइल, त्यावर 'आई' अशी अक्षरं. माणूस कपाळाला हात लावून खुर्चीत बसला होता. त्याने फोनकडे पाहिलं. घसा खाकरला, एकदा, दोनदा, नेहमीच्या आवाजात बोलता येतंय का ते बघावं तसा. हात पुढे नेला आणि मागे घेतला. फोन वाजत राहिला.

"उचल रे पुता," शेवंती म्हणाली.

तो उचलेना. मागून आणखी कुणीतरी म्हणालं, उचल. मग पुरुषांच्या बाजूनेही दोन-तीन आवाज आले. फोन थांबला. माणूस उठला आणि त्याने चहाचं आधण ठेवलं. पडदा काळा झाला आणि त्यावरून नावं वर सरकू लागली.

परेशने दिवे लावले आणि भिंतीला पाठ टेकून उभा राहिला. सगळ्यात आधी विठूमामा आला, मागे पाच-सहा जण.

"कपाटात काय नाय होता, ता कळला," विठूमामा म्हणाला. "पण तेणा फोन कित्या नाय उचल्लो?"

परेशला एवढ्या सोप्या प्रश्नाची अपेक्षा नव्हती. त्याने सुटकेचा श्वास टाकत सिद्धीकडे बोट दाखवलं. सिद्धी मंचावर जाऊन उभी राहिली होती, चर्चेसाठी माइक हातात घेऊन. विठूमामाने तिला तोच प्रश्न विचारला. ती म्हणाली, ते मी मुद्दाम प्रेक्षकांवर सोडलंय. विठूमामाने थोडा विचार केला.

"म्हणजे तुकाय ठावक नाय," तो म्हणाला, आणि खिशातून मोबाइल काढून बाहेर चालू लागला. त्याचा मुलगा कुवेतला होता.

त्याच्या मागून दहाजण निघाले आणि त्यांच्या मागून सगळं सभागृह. चर्चेला सिद्धी, माइक आणि पहिल्या रांगेत झोपलेले रामचंद्रबाब एवढेच उरले. चहा आणि बटाटवडे टेबलावर तसेच राहिले. सिद्धीचा चेहरा पडला. न आवडल्यामुळे गेले का, असं तिने विचारलं. परेश बघायला बाहेर गेला.

मैदानात जो तो फोन कानाला लावून उभा होता. कुणी आंब्याखाली, कुणी कुंपणापाशी, कुणी भिंतीकडे तोंड करून. आता कोरगावातून परदेशी फोन कधी जात नाही, तो तिकडून येतो, ठरल्या वारी आणि ठरल्या वेळी. इकडून गेला, तर एकतर कुणीतरी वारलेलं असतं किंवा जमिनीच्या कागदावर सही हवी असते. त्यात या माणसांना फोन लावल्यावर बोलायचं काय ते सुचत नव्हतं. बरा आहेस ना, जेवलास ना, एवढं बोलून आवाज जाड व्हायचा आणि फोन बंद व्हायचा. शेवंतीचा फोन अक्षयने पहिल्यांदा उचलला नाही. दुसऱ्यांदा उचलला तेव्हा ती नुसतीच रडली, आणि त्याचे पैसे फुकट जातील म्हणून तिनेच फोन ठेवून दिला. पैसे तिचे जात होते हे तिच्या लक्षात आलं नाही.

थोड्याच वेळात परेशचा फोन वाजू लागला. वर्धापनदिनाच्या निमंत्रणावर संपर्कासाठी त्याचाच नंबर होता आणि ते निमंत्रण मंडळाच्या ग्रुपवर जगभर गेलं होतं. पहिला फोन कुवेतहून, विठूमामाच्या मुलाचा. बाबा आज मला 'बाळा' म्हणाले, त्यांना हार्टचं काही झालंय का, खरं सांग. दुसरा एका बोटीवरून, आवाज तुटत तुटत. तिसऱ्याने मालकाकडे रजा टाकली होती आणि विमानाचं तिकीट बघत होता, फक्त कोण गेलं ते आधी कळावं, म्हणजे तो तिकडेच अंघोळ करून निघणार होता. परेश एकेकाला सांगत राहिला, कोणी मेलेलं नाही, सगळी धडधाकट आहेत, गावात पिक्चर होता. त्याच्यावर कुणाचा विश्वास बसेना. सिद्धी दाराच्या पायरीवर येऊन बसली होती आणि ऐकत होती. तिच्या हातातला माइक अजून चालू होता, त्यामुळे परेशचं प्रत्येक उत्तर सभागृहाच्या कर्ण्यातून परत ऐकू येत होतं. शेवटी रामचंद्रबाब जागे झाले आणि कोण वारलं म्हणून विचारत बाहेर आले.

तेवढ्यात अक्षयचा फोन आला. पाठीमागे भांड्यांचा आवाज होता.

"परेशदादा, आई रडता. माका खरा सांग, काय झाला?"

"काय नाय रे. पिक्चर बघल्यान."

"पिक्चर बघून रडता? काय होता तेच्यात?"

परेशने आठवून पाहिलं. "काय नाय तसा. लिस्बनात एक माणूस आसा. तो च्या करता आनी पिता."

पलीकडची भांडी थांबली.

"एकटोच?" अक्षयने विचारलं.

"होय. एकटोच."

अक्षयने फोन ठेवला नाही. परेशच्या कानाशी लिस्बनमधली एक ट्राम खडखडत आली आणि निघून गेली. दुसऱ्या नंबरवरून फोन येत असल्याची टिकटिक चालू होती, पण परेशने फोन कानावरून काढला नाही. मागे त्याने सिद्धीला हाताने खूण केली, माइक बंद कर म्हणून.