इनामदार सरांचा थेंब

टपरीवर चहा आला की इनामदार सर आधी स्टीलच्या बशीत पाण्याचा थेंब सोडायचे, टेबलाला गाल टेकवायचे आणि एक डोळा मिटून थेंब न्याहाळत बसायचे. "फुगला तर थर, पसरला तर कोरी!" तोवर चहा गार. संगमनेरच्या स्टँडवर लोकांना वाटायचं, मास्तरला चक्कर आली.

मी त्यांच्याच कॉलेजात प्रयोगशाळेचा शिपाई, तोही कंत्राटी. सर तासिकेवर शिकवायचे, म्हणजे दर जूनला नवा अर्ज. अशी अकरा वर्षं! मागून आलेली पोरं पर्मनंट झाली आणि यांनाच 'काय इनामदार' म्हणायला लागली.

सरांचं खूळ एकच. तांब्याची पट्टी द्रावणात बुडवून ठेवायची. त्यातले सेंद्रिय रेणू म्हणे आपणहून येतात, डोकं तांब्याला चिकटवतात, शेपट्या वर करून एकमेकांना खेटून उभे राहतात आणि सगळे एकाच बाजूला कलतात. थर एका रेणूच्या उंचीचा, डोळ्याला दिसायचा नाही. पाण्याचा थेंब त्यावर गोल उभा राहिला, की थर बसला समजायचं. "भालेराव, रांग लावा म्हणून कुणी सांगत नाही हो! ज्याला त्याला जागा मिळते!" सांगताना खुलायचे नुसते. द्रावणाला मात्र सडक्या लसणाचा वास. प्रोफेसर मंडळी दारातूनच वळायची.

यंदा एकदाची कायम जागा निघाली. मुलाखतीची समिती प्रयोग समक्ष बघणार होती. सरांचं नोकरीला लागायचं वय सरत आलेलं, ही शेवटचीच संधी. आदल्या संध्याकाळी त्यांनी थर बसलेल्या पट्ट्या मांडून ठेवल्या. मला त्या मळकट दिसल्या. चार मोठ्या माणसांत सरांची शोभा नको, म्हणून सकाळीच घरून चिंच-मीठ नेलं आणि हंडा घासावा तशा घासल्या. लख्ख! अक्कल चरायला गेलती माझी.

ती चकाकी बघून सरांचा चेहरा उतरला, पण समिती समोर उभी. थेंब सोडला, पसरला. दुसऱ्या पट्टीवरही पसरला. सरांनी माझ्याकडं पाहिलं. नाव घेतलं असतं तर मी त्याच दिवशी घरी बसलो असतो.

"माझीच तयारी कच्ची राहिली," ते समितीला म्हणाले. एक साहेब चक्क हसले.

जागा दुसऱ्याला गेली. ती आधीच ठरलेली होती, असं लोक म्हणतात. म्हणोत. थेंब माझ्यामुळं पसरला.

सरांच्या तासिकाही त्यालाच गेल्या. सर सामान न्यायला आले, तेव्हा मी पायच धरले. "सर, शिव्या तरी द्या!"

त्यांनी मला उठवून स्टुलावर बसवलं.

"अकरा वर्षांत या टेबलाकडं कुणी फिरकलं नाही, भालेराव," ते म्हणाले. "तुम्ही माझ्यासाठी घरून चिंच घेऊन आलात."