दत्तूआबांचे वाटे

आमच्या शेळगावात दत्तूआबांच्या हातून मटणाचा वाटा घ्यायचा असेल, तर आधी एखादं पोर भिंतीकडे तोंड करून उभं करावं लागतं.

तशी ही रीत जुनीच. चार घरांनी मिळून बोकड घेतला की पानांवर वाटे लावायचे, एका पोराला पाठमोरं उभं करायचं आणि एकेका वाट्यावर बोट ठेवून विचारायचं, "ह्यो कुणाचा?" पोर ज्याचं नाव घेईल त्याचा तो वाटा. बाकीचे लोक हे जत्रेपुरतं पाळतात. आबांनी ते बारा महिने आमच्या मानगुटीवर बसवलं होतं. लग्नाच्या जीपमध्ये ड्रायव्हरशेजारी कोण बसणार, पाणी आधी कुणाच्या उसाला, गल्लीतला एकुलता एक नवा दिवा कुणाच्या दारात. सगळ्याला पोर आणि भिंत. कुणी म्हणालं, "आबा, आपण मोठी माणसं बसून ठरवू की," तर मिशीवरून हात फिरवत म्हणायचे, "डोळं असलेल्यांचं काम न्हाय ह्ये."

मोठ्यांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. एका जत्रेत नळीच्या वाट्यावर बोट आलं की माजी सरपंच बरोबर खोकायचे आणि पाठमोरा उभा असलेला त्यांचा नातू लगेच "आमचा!" म्हणायचा. दुसऱ्या खोकल्याला आबांनी सगळे वाटे पुन्हा एकत्र केले. "सरपंच, तुमाला कोरडा खोकला दिसतोय. मटन नगं, रस्सा घ्या."

माझी सहा वर्षांची चिऊ ही आबांची आवडती न्यायाधीश. तिला वशिला कळत नाही आणि लाच दिली तर ती खाऊन विसरून जाते. घरात न्यायाधीश असण्याचे तोटे मात्र मी भोगले. एका संध्याकाळी जेवणं झाल्यावर ती फ्रिजकडे तोंड करून उभी राहिली आणि आजीला म्हणाली, "विचार." खरकटी भांडी बाबांच्या, म्हणजे माझ्या वाट्याला आली. सलग चार दिवस. पाचव्या दिवशी मी कुरकुर केली, तर म्हणाली, "रडी खायची न्हाय."

मग आबांनी स्वतःच्या जमिनीचं वाटप काढलं. मुलगे दोन, सुनील आणि अनिल. सुनीलचा डोळा विहिरीकडच्या डाळिंबांवर, अनिलचाही तिकडेच. लेक रंजना कोऱ्हाळ्याहून सकाळीच आली होती, ती हक्कसोडपत्रावर सही करायला. आपल्याकडे लेकीचा हक्क कायद्यात असतो, आणि ती येऊन सही करून तो सोडून जाते. त्यावर कुणी काही बोलत नाही. मीही बोललो नव्हतो.

आबांनी अंगणात काठीने दोन चौकोन ओढले. डाळिंबं निम्मी निम्मी, माळ निम्मा निम्मा. चिऊ भिंतीला नाक लावून उभी.

"ह्यो कुणाचा?"

"सुनीलकाकांचा."

"अन् ह्यो?"

"रंजनाआत्याचा."

सगळे हसले. अनिल सगळ्यात मोठ्यानं हसला आणि मग एकदम थांबला.

"अगं, आत्या न्हाय ह्यात," तो म्हणाला. "नावं दोनच हायती."

चिऊ वळली. "का न्हाय?"

"तिचं लगीन झालंय."

"तुमचं पण झालंय की!"

चिऊनं आबांना खडसावलं, "तुमीच सांगितलंय, जेवढी माणसं तेवढं वाटं. कमी पडल्यात. परत लावा."

मी तिला ओढून घरी न्यायला पुढे झालो. खरं सांगतो, मला शेजार मोडायची भीती वाटली. आबांनी मला हातानेच थांबवलं.

रंजना चहाचे कप घेऊन दारात उभी होती. "आबा, नगं," ती म्हणाली. "वाटा न घेता गयाआत्याचं माह्यार तुटलं. मी घेतल्यावर काय व्हईल?"

गयाआत्या म्हणजे आबांची थोरली बहीण, वरकुट्याला दिलेली. तिनं सही केली म्हणून ही जमीन एकट्या आबांची झाली होती. सहीच्या दिवशी आबांनी तिला एक साडी दिली, आणि त्यानंतर तिला तोंड दाखवायची त्यांना लाज वाटू लागली. गावभर न्याय वाटणारा हा माणूस इतकी वर्षं एका घराचा रस्ता चुकवत होता. मला फार वाईट वाटलं.

आबांनी पायाने चौकोन पुसले आणि तीन ओढले. सुनील तडक उठून गेला. अनिलनं चहा घेतला नाही. रंजनाची सही राहिली ती राहिलीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा माझ्या मोटरसायकलवर मागे बसले. "वरकुट्याला घे." गयाआत्या ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. डोळ्यांवर हात धरून त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"दत्तू हायस का रं?"

"व्हय, आक्का." आबा ओट्याखालीच उभे. "तुजा वाटा द्यायला आलोय. तीन केल्यात, त्याचं चार करतो. कुठला पायजे त्यो सांग."

"आता रान घिऊन काय करू म्या?" म्हातारी म्हणाली. "दर दिवाळीला पिशवी भरून बसायची. न्यायला यायचं हुतंस. येवढंच."

आबा पायरीवर मटकन बसले आणि माझ्यादेखत रडले. गयाआत्या उठून आत गेल्या. मला वाटलं, रागावल्या. बाहेर आल्या तेव्हा काखेत पिशवी होती.

"काय रं," त्यांनी मला विचारलं, "ह्या फटफटीवर तिघं बसत्यात का?"