यान बांधल्यान कोणी?

आमच्या लाटंबार्स्याच्या रामा गावसाने एकदा विसर्जनाला निघालेल्या गणपतीचा टेंपो भर रस्त्यात अडवला. आरती अर्ध्यावर थांबली. रामादादा देवाला हात जोडून टेंपोत चढला आणि मूर्तीची दोरी सोडून पुन्हा बांधली. "देव सगळ्यांक सांभाळता, पण रस्त्याच्या वळणार देवाक कोण सांभाळतलो?" म्हणाला आणि उतरला.

बावीस वर्षं त्याने खाणीवर ट्रक चालवला. खाणी थांबल्या, ट्रक गेला, नजर मात्र ओझ्यावरच राहिली. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात. याचा तर सुंभही शाबूत आहे, कायम खांद्यावर. स्कूटरवरचा सिलिंडर असो की नवरीचं कपाट, प्रश्न ठरलेला: "ह्यां बांधल्यान कोणी?" माझ्या बायकोच्या अंबाड्याकडेही त्याने एकदा संशयाने पाहिलंय.

अशा माणसाच्या कानावर घालायला नको होतं, पण कुणीतरी घातलंच. माणसं घेऊन अंतराळात जाऊन आलेलं पहिलंवहिलं खाजगी यान एका मालवाहू विमानाच्या पोटात बसून परदेशी निघालं होतं आणि एका रात्रीपुरतं पेडण्यात, मोप्याच्या विमानतळावर उतरलं होतं. गावाला आनंदाचं भरतं आलं. रामादादाला घाम फुटला. उजाडताच तो माझ्या दारात हजर.

"मास्तर, स्कूटर काढा. इमान उडाच्या आधी बांधप बघूक होया."

विमानतळाच्या मालाच्या फाटकावरचा पहारेकरी कोल्हापूरकडचा. त्याने सुंभाकडे पाहिलं. "काका, यानाला दोरी कशाला? त्यो काय उसाचा ट्रॅक्टर हाय व्हय?"

"ऊस पडलो तर ऊस जाता," रामादादा म्हणाला. "ह्यां पडला तर?"

पहारेकऱ्याने फाटकाची कडी पुन्हा एकदा तपासली. तेवढ्यात विमानाची माणसं हॉटेलातून आली आणि तपासणीसाठी त्यांची गाडी थांबली. माझ्या मोडक्या इंग्रजीत मी अडचण सांगितली. मला वाटलं, हसतील. पण एक ताडमाड साहेब खाली उतरला आणि मोबाईलवर बांधलेल्या यानाचा फोटो उघडून समोर धरला. माल बांधणारा तोच होता!

रामादादाने चष्मा चढवला. पट्टे मोजले, चारी कोपरे पाहिले आणि साहेबाच्या पाठीवर अशी थाप मारली की तो फाटकाला टेकला. "बरां बांधलंस रे, पुता!" साहेबानेही सुंभाचा पीळ बोटांनी तपासला आणि अंगठा वर केला. इतकी वर्षं इंग्रजी शिकवून मला एवढं बोलता आलं नव्हतं.

मग रामादादाचा आवाज एकदम उतरला. "मास्तर, इचारा हो. आत माणसां बसतत, तेंका कशी बांधतत?"

साहेबाने स्वतःच्या अंगावर दाखवलं: दोन पट्टे खांद्यांवरून, दोन कमरेला, एक पायांमधून. रामादादा आपल्या छातीवर बोट फिरवत राहिला.

परतताना ते विमान डोक्यावरून गेलं. मी स्कूटर थांबवून पोरासारखा ओरडलो. मागे वळलो, तर रामादादा मोबाईलमधला एक फोटो पाहत होता.

त्याची एकुलती एक मुलगी सुमन गेल्या वर्षी याच विमानतळावरून लंडनला नोकरीला गेली. घरात आता तो एकटाच. विमानात बसल्या बसल्या तिने स्वतःचा फोटो पाठवला होता. तो त्याने मला शंभरदा दाखवलाय आणि मी शंभरदा "छान" म्हणालोय. मला वाटायचं, तिचं हसू दाखवतोय.

"मास्तर," तो म्हणाला, "माझ्या चेडवाक एकच पट्टो होतो हो. पोटार."